आठ सिलेंडरची सोयरीक

इंजिन साखळीला लटकत होतं आणि लोवेल स्टिडहॅम कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. खाली १९७८ सालचा हिरवा पिकअप बॉनेट काढून तोंड वासून उभा होता.

"बोल," लोवेल म्हणाला. "तुझ्या मते आता काय करायचं?"

वेस्टन प्रुइटने उगाच शर्टाच्या बाह्या वर सारल्या. म्हातारा परीक्षा घेत होता, यात शंका नव्हती.

वेस्टन लेक्सिंग्टन शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला होता. वय एकोणतीस. लोवेलच्या मुलीशी, रेनिटाशी, त्याला लग्न करायचं होतं. पंधरा दिवसांपूर्वी तो पहिल्यांदा हेझल क्रीक गावी तिच्या घरी जेवायला आला, तेव्हा लोवेलने मक्याच्या पावाचा तुकडा मोडत एकच प्रश्न विचारला होता. "गाड्यांचं कळतं का काही?"

"थोडंफार," वेस्टन म्हणाला होता. "एक-दोन इंजिनं बदललीयत."

रेनिटाने टेबलाखालून त्याला सणसणीत लाथ घातली, पण तोवर शब्द तोंडातून गेला होता.

"मग झालं," लोवेल म्हणाला. "माझ्या पिकअपचं सहा सिलेंडरचं इंजिन गेलंय. आठचं आणून ठेवलंय. आपण दोघं मिळून बसवू. ते चालू झालं की तुमच्या लग्नाचं बघू."

हेझल क्रीकमध्ये लोवेलचा दबदबा होता. एकतीस वर्षं तो शनिवारी सकाळी शेडमध्ये शिरे, तो संध्याकाळीच बाहेर येई. आत ताडपत्रीखाली चार गाड्या होत्या. त्यातली एकही कुणी रस्त्यावर पाहिली नव्हती.

"मनासारखं झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हा त्याचा बाणा," त्याची बायको वर्लीन अभिमानाने सांगे.

अशा माणसासमोर वेस्टन आता, पहिल्याच शनिवारी, उभा होता.

"सर, मी जरा... बाथरूमला जाऊन येऊ?"

"जा."

कडी लावून त्याने फोनवर दोन व्हिडिओ पाहिले आणि घाम पुसत परत आला. "आधी गिअरबॉक्स जॅकवर घेऊ, सर. दोन्ही एका रेषेत आले पाहिजेत. मग इंजिन हळूहळू खाली."

लोवेलने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का?"

"नाहीतर... ताण येईल."

"हं," लोवेल म्हणाला. "बरोबर."

दुसऱ्या शनिवारी इंजिनाखालचा तेलाचा पॅन गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या दांडीला अडला. लोवेल पाव तास गाडीखाली पडून राहिला. मग आतूनच आवाज आला, "तू असतास तर काय केलं असतंस?"

वेस्टन बाथरूमला गेला.

"बिचाऱ्याच्या पोटाचं काही खरं नाही," वर्लीन स्वयंपाकघरात लेकीला म्हणाली आणि तिने त्याच्यासाठी आल्याचं सोडावॉटर काढून ठेवलं.

"पोट ठीक आहे गं त्याचं," रेनिटा म्हणाली. "डॅडींना घाबरतो तो."

परत येताना वेस्टनला लोवेल दिसला. तो अंगणात आपल्या रोजच्या गाडीत बसला होता. मांडीवर जाडजूड पुस्तक, मान खाली, ओठ हलताहेत. देवभोळा माणूस, वेस्टनच्या मनात आलं. आपल्यावर हात उगारावा लागू नये म्हणून प्रार्थना करत असेल.

थोड्या वेळाने लोवेल आला आणि शांतपणे म्हणाला, "पॅन मागच्या बाजूला खोल असलेला घ्यायचा. भंगारवाल्याकडे मिळेल. तुला काय वाटतं?"

"मीही तेच म्हणणार होतो, सर."

"वाटलंच मला."

तिसरा शनिवार वायरिंगने खाल्ला. दोन तपकिरी वायरी हातात धरून लोवेलने विचारलं, "कुठली?" वेस्टनने डावीकडे बोट दाखवलं. लोवेलने लगेच ती जोडली. कुठल्या तरी शनिवारी हा माणूस पाना फेकून मारेल, असं वेस्टनला सारखं वाटायचं. पण लोवेलचा संयम दांडगा. तो फक्त विचारायचा आणि ऐकायचा.

चौथ्या शनिवारी दुपारी लोवेलने वेस्टनला गाडीत बसवलं. "मार सेल्फ."

"मी? सर, मान तुमचा आहे."

"मार म्हणतो ना!"

वेस्टनने डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, गप्प झालं. पुन्हा फिरवली. आणि असा काही गडगडाट झाला की शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. वर्लीन हातातल्या फडक्यासकट धावत आली. रेनिटाने तर वेस्टनच्या गळ्यात उडीच मारली. लोवेलने टोपी काढली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऑक्टोबरमध्ये उरका लग्न," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चर्चचं मी बघतो."

मायलेकी केक आणायला आत पळाल्या. इंजिन बंद करून वेस्टन खाली उतरला. आता गप्प राहिला असता तर चाललं असतं. पण ते भरलेले डोळे त्याला सोसवेनात. अशा माणसाचा जावई खोट्यावर व्हायचं?

"सर, मला एक सांगायचंय. लग्न मोडलंत तरी चालेल, पण सांगतोच." "मी आयुष्यात कधी इंजिनाला हात लावला नव्हता. मला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही."

लोवेलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने आधी पिकअपकडे पाहिलं, मग वेस्टनकडे. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीवर नजर जाताच तो झपाट्याने गेला, शेडचं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"हळू बोल," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला येतंय."