मुलीच्या हातचं

पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आले, तेव्हा सुमननं टेबलावरचा मण्यांचा पोपट उचलून कोनाड्यात कोंबला आणि त्याच्या जागी आपलं प्लॅस्टिकचं विमान ठेवलं.

"येडी शे का तू?" मंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "उचल ते! पाव्हना काय म्हनतीन?"

"म्हनू दे, आई. पोपट मन्हा नही शे. हाई मन्हं शे."

पोपट खरंच तिचा नव्हता. धुळ्याच्या त्या गल्लीत कुणाची मुलगी पाहायला आले, की 'मुलीच्या हातचं' म्हणून तो पोपट, क्रोशाचा रुमाल आणि काचनळ्यांचं तोरण शेजारच्या कुंदाबाईंकडून यायचं. या सामानानं आजवर चार लग्नं जमवली होती. कुंदाबाईंच्या रूपीचंही त्यातच जमलं. सासरी गेल्यावर तिला सगळे म्हणाले, आता या पोपटाला जोडीदार कर. रूपीला मणी ओवताही येत नव्हता. तीन वर्षं झाली, तिला तिथं अजून 'पोपटवाली' म्हणतात. आखाजीच्या सणाला माहेरी आली की रूपी हे हसत सांगते आणि सांगता सांगता रडते. सुमननं तेव्हाच ठरवलं होतं, नाकारायचं तर माझ्या कामावरून नाकारा. उसन्या पोपटावर मी नांदायला जाणार नाही.

विमान मात्र दिसायला यथातथाच होतं. सुमन मॅट्रिकला गणितात पहिली आली म्हणून जहाजावरच्या मामानं एडनहून तो खोका आणला होता. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग. जोडायचे, चिकटवायचे, की विमान तयार. मंदाबाईंनी ते भाग आधी धुतले. समुद्रापलीकडची वस्तू, कोणाकोणाचे हात लागले असतील! धुतले ते धुतले, वर पत्र्यावर कुरडयांशेजारी वाळत घातले. वैशाखातलं धुळ्याचं ऊन ते. कुरडया कडक झाल्या आणि विमान मऊ पडलं. डावा पंख पिळला गेला. पोटाचे दोन अर्धे भाग भांडलेल्या जावांसारखे तोंडं फिरवून बसले.

खोक्यावरचं झोकदार चित्र आणि हे भाग बघून गल्ली पोट धरधरून हसली. सुमनला राग आला आणि ती कामाला बसली. गरम पाण्यात बुडवून, पाट्याखाली दाबून, तापल्या दाभणानं कडा विरघळवून तिनं एकेक भाग जागी आणला. तिचे वडील जीवराम कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. भेगा बुजवायची त्यांच्याकडची लांबी तिनं फटींत भरली. पंधरा दिवसांनी विमान उभं राहिलं. डावा पंख तेवढा वाकडा राहिला.

पाहुणे दोंडाईच्याचे. मुलाचे काका पितांबर नाना पुढे, ओव्हरसियर मुलगा मागे. असं स्थळ पुन्हा दारात यायचं नाही, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. जीवराम टेबलाकडे बघून गोरेमोरे झाले. विमान उचल, असं त्यांनी लेकीला डोळ्यांनी बजावलं. तिनं पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

चिवडा संपवून नानांनी हात झटकले.

"हाई काय शे?"

"विमान," सुमन म्हणाली.

"ते दिसस माले. तुना हातनं काय शे, ते दखाड."

"हाईच शे मन्हा हातनं."

"आन भरतकाम? मनीकाम?"

"येत नही."

आत मंदाबाईंना ठसका लागला. नाना हसले. "आमनाकडे विमान कसाले लागस, बेटा? सयपाक येस का?"

"येस. पन तो कोनी टेबलवर मांडत नही, म्हनून हाई मांडं."

मुलानं पहिल्यांदाच बशीतून मान वर केली. नानांचं हसू मात्र मावळलं. त्यांनी विमान उचललं, उलटंसुलटं केलं.

"पंख वाकडा शे."

"शे. ऊनमा वाकडा व्हयना. जितला जमना तितला मी सरळ करा."

"आमना घरमा असं चालत नही. घरमा येनारी वस्तू सरळच पाहिजे." नानांनी एका हातात विमानाचं पोट धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पंखावर टेकवला. "थांब, मी करस सरळ."

प्लॅस्टिक कुरकुरलं. इतका वेळ ताठ बसलेली सुमन पुढे सरकली. पाहुण्याच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची कशी, तिला कळेना.

जीवराम उठले. पाहुणे आल्यापासून ते 'घ्या ना, घ्या ना' एवढंच बोलले होते. मुलीच्या बापानं त्यापलीकडे बोलायचं नसतं. त्यांनी नानांचं मनगट धरलं, विमान सोडवून घेतलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"नाना, दाबू नका," ते म्हणाले. "मोडी जाई, पन सरळ व्हनार नही."