छत्तीस गुणांचा नर

माळढोकाची मादी सकाळपासून जाळीला चिकटून उभी होती आणि तिच्यासाठी निवडलेला नर तिच्याकडे पाठ करून टोळ टिपत होता. जाळीपलीकडचा नर मात्र गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पसरून, घुमत नाचत होता.

माळावरच्या प्रजनन केंद्राच्या डॉक्टर शर्वाणी खडतरे यांचं डोकं फिरलं. त्यांनी संचालकांना फोन लावला. "सर, मधलं फाटक उघडू द्या. तिला तो पसंत आहे."

"तो तिचा सावत्र भाऊ आहे, मॅडम. पिल्लं अशक्त निघतील. जोड्या ठरवणाऱ्या संगणक यंत्रणेनं जनुकं तपासून आतल्या नराशी छत्तीसच्या छत्तीस गुण जुळवलेत."

"पत्रिका जुळली म्हणून संसार होतो का, सर? त्याला नाचायचंच नाही! अंडी देणारी ही शेवटची मादी, त्यात हंगाम संपत आलाय. अशक्त तर अशक्त, पिल्लू तरी होईल!"

"फाटकाचं कुलूप माझ्या हातात आहे का? यंत्रणेला कळवतो."

शर्वाणीबाईंनी फोन टेबलावर आपटला.

दुपारी यंत्रणेचं उत्तर आलं: मादीचं लक्ष विचलित होत आहे, शेजारचा नर तातडीनं हलवावा. पाठोपाठ गाडीही आली. शर्वाणीबाई आडव्या आल्या, तावातावानं भांडल्या, पण नराला पेटीत घालून नेलंच.

संध्याकाळी मादी तिथंच, रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत उभी होती. निवडलेला नर टोळ टिपत होता. पडद्यावर संदेश झळकला: "अडथळा दूर झाला. जुळणी कायम."

माळावर आता कुणीच नाचत नव्हतं.