सारख्या रेघा

जोतीरामने तांबड्या काचेच्या कडेची बारकी खुंटी बोटांनी चाचपली. ती एका अंगाला कलली होती.

सांगलीच्या दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं. नाकावर जड चष्मा. एका डोळ्यापुढं तांबडी काच, दुसऱ्यापुढं पांढरी, दोन्हींवर बारीक पन्हळ्या. समोर दिवा एकच, पण त्या काचांतून त्याच्या दोन आडव्या रेघा दिसत होत्या. पांढरी सरळ, तांबडी उताराला लागलेली. खुंटीने तांबडी काच फिरव, दोन्ही रेघा सारख्या झाल्या की सांग, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

जोतीराम आष्ट्याचा गवंडी. लढाई संपली त्या साली परांचीवरून डोक्यावर पडला. जखम भरली, पण तेव्हापासून त्याला एकाचे दोन दिसायचे. एकाखाली एक, आणि खालचं कललेलं. मान खांद्यावर टाकली की दोन्ही जवळ यायचे, म्हणून तो मान वाकडी करूनच हिंडायचा. भिंतीचा थर तर बोटांनी चाचपून लावायचा.

कराडला नदीकाठी धर्मशाळेचं काम निघालं होतं. मुकादम नाथाजी मुद्दाम बरोबर आला होता. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याबिगर वाकड्या नजरेच्या माणसाला भिंतीवर चढवणार नाही, असं त्याने वाटेतच बजावलं होतं. आता तो दारात उभा होता.

ही आपली परीक्षाच आहे, असं जोतीरामला वाटलं. त्याने रेघांकडं बघणंच सोडलं. एका हाताने पांढऱ्या काचेची खुंटी चाचपली. ती नीट वर होती. दुसऱ्या हाताने तांबडीची तशीच वर आणली. तांबडी रेघ उतरतीच राहिली.

"झाल्या सारख्या," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरचे आकडे पाहिले. काच फिरवून पुन्हा लावायला सांगितली. जोतीरामने पुन्हा तसंच केलं. मग डॉक्टरांनी खिडकी उघडली.

"पडल्यामुळं तुझा डोळा जागच्या जागी फिरलाय, अशी मला शंका होती," डॉक्टर म्हणाले. "किती फिरलाय ते कळलं असतं, तर ऑपरेशन करून तेवढा सरळ केला असता. पण दोन्ही खुंट्या सरळ असतानाच तुला रेघा सारख्या दिसल्या, म्हणजे डोळा फिरलेला नाही. तुझ्या डोळ्याला काही करायची गरज नाही."

जोतीरामने तोंड उघडलं. खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं.

नाथाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "लय घोर लावला हुतास, गड्या. सोमवारी कामावर ये. कमानी तुझ्याकडंच."

डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली. जोतीराम उठला.

बाहेर त्याची बायको बनुबाई उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"काय म्हनलं डाक्टर?"

"डोळा नीट हाय म्हनलं."

एकीखाली एक अशा दोन बनुबायांनी देवाला हात जोडले.