फुकटाचं वावर

"वावर कुठी हाये?" रिक्षातून उतरता उतरता बेबाबाईनं विचारलं. समोर जळगावचं मेहरूणचं तळं होतं.

"वावर नाही, आजी," नीलेश म्हणाला. "म्हटलं, गाव दाखवतो."

बेबाबाईच्या फैजपूरच्या घरात मुलगी द्यायची तर आधी मुलाचं वावर बघत. मुलाकडच्यानं बांधावर उभं राहायचं, हात लांब करायचा, इथून तिथपर्यंत आपलं म्हणायचं. मुलीकडच्यांनी केळीच्या बुंध्याला हात लावायचा, विहिरीत डोकावायचं आणि तोंड वाकडं करायचं. पसंत असलं तरी करायचं. लेकी-नाती बेबाबाईनं अशाच दिल्या. एकही माघारी आली नाही.

आता नात कामिनी राहिली होती, आणि कामिनीला हाच मुलगा हवा होता. पाइपाच्या कारखान्यात नोकरी, पिंप्राळ्यात भाड्याच्या दोन खोल्या, घरात तो आणि त्याची आई सुनंदाबाई. घरच्यांनी निकाल आजीवर सोडला होता, म्हणून आज रिक्षात आजी, कामिनी, नीलेश आणि सुनंदाबाई एवढेच होते. आजी काही न बोलता परतीच्या बसमध्ये चढली, की नकार. फैजपूरहून दुसरा निरोप येत नाही.

नीलेशनं हात लांब केला. "इथून त्या पलीकडच्या झाडांपर्यंत पाणी आहे. संध्याकाळी पक्षी उतरतात."

"तुह्यं हाये?"

"नाही. कोणीही यावं, बसावं."

"मंग तं माह्यं बी हाये. माह्यंच मले काय दाखवतो?"

पुढे सराफ बाजार झाला. काचेआड एक हार टांगला होता, नवरीच्या पोटापर्यंत येईल एवढा. सुनंदाबाई हळूच म्हणाली, "आत जाऊन बघितलं तरी चालतं, अक्का. थंड पाणीही देतात."

"पानी पियाले जळगावात कोन येते व बाई? आमच्या विहिरीले काय झालं?"

मग बाग झाली. बाकावर बसून बेबाबाईनं चपला काढल्या, तळवे चोळले. "काहो पाहुने, तिकीट लागते असं काई ठेवलंच नही का तुमच्या गावात?"

नीलेशचे कान लाल झाले. पण तो बोलला. "आहे ना. पण तिकीट काढून दाखवलं तर ते पैशाचं झालं. माझं कसं म्हणू?"

बेबाबाईनं तोंड वाकडं केलं. कामिनी आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. हे वाकडं कोणतं, तिला कळेना.

शेवटी रिक्षा विमानतळाच्या मागच्या रस्त्याला थांबली. जाळीचं कुंपण, कुंपणापलीकडे वाळलेलं गवत, त्यात लांबच लांब डांबर. अलीकडे चार मोटारसायकली आणि एक शेंगदाणेवाला.

"हे तं पडीत हाये," बेबाबाई म्हणाली.

"थोडं थांबा, आजी. कामावरून सुटलो की मी आईला इथं घेऊन येतो."

सुनंदाबाई आधीच कुंपणापाशी गेली होती. जाळीत बोटं अडकवून, मान वर करून उभी होती. शेंगदाणेवाल्यानं तिला ओळखीनं मान हलवली.

बेबाबाईनं विमान पाहिलेलं होतं. केळीला पाणी देताना वर दिसायचं, सुईएवढं, मागे पांढरा दोरा. त्यात बघायचं काय? ती तोंड फिरवून बसची वेळ विचारणार, तेवढ्यात तळपायाखाली जमीन थरथरली.

एक दिवा दिसला. मग दिव्यामागे पंख दिसले. ते खाली आलं. आलं ते येतच राहिलं. घराएवढं झालं, मग गल्लीएवढं. पोटाखाली चाकं लोंबत होती, साधी रबराची, मळलेली, ट्रकसारखी. आवाज छातीत शिरला. सावली डोक्यावरून गेली, वारा आला, पदर उडाला. बेबाबाईनं तो धरला नाही.

पलीकडे चाकं जमिनीला लागली. धूर निघाला. एवढं मोठं धूड, पण टेकलं बगळ्यासारखं. वळून परत कुंपणासमोरून हळूहळू गेलं, तेव्हा खिडक्या दिसल्या.

"आत मानसं बसेल हायेत," बेबाबाई म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

केळीचे व्यापारी जिच्या जिभेला भ्यायचे, ती बाई उडालेला पदर विसरून बघत राहिली. विमान उभं राहिलं. आवाज बसला. मोटारसायकली एकेक करून निघून गेल्या. वरचं आभाळ तिनं असं न्याहाळलं, जणू तिथं अजून काहीतरी राहिलं होतं.

"आजी, बस निघेल," नीलेश म्हणाला.

"निंघू दे. हे रोज येते?"

"एखाद्या दिवशी नाही येत."

"मंग काय करता?"

"वाट बघतो. नाहीच आलं तर दाणे खातो अन् घरी जातो. आई म्हणते, उद्या येईल."

बेबाबाईनं नातीकडे एकदा पाहिलं. मग वाळलं गवत तुडवत कुंपणापाशी गेली, सुनंदाबाईच्या शेजारी उभी राहिली आणि आपली जाड, केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं जाळीत घातली.

"विहीनबाई," ती म्हणाली, "तठून वरतून आपली केळी दिसत आसीन का व?"