१८७०चं एक पान

फ्रान्समधल्या कोल्मारच्या ओडीलबाई आणि ऱ्हाईन नदीपलीकडचे, जर्मनीतले हार्टमुट मास्तर, दोघंही निवृत्त, दोघंही एकटे. फ्रेंच आणि जर्मन मुलांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक निघणार होतं. त्यातलं एक पान दोघांनी मिळून लिहायचं होतं: १८७० साली हे दोन देश एकमेकांवर का तुटून पडले?

दर मंगळवारी मास्तर बसने नदी ओलांडून बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसत.

"चूक आमचीच," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "राजाकडून आलेली साधी तार आमच्या चॅन्सेलरने काटछाट करून पेपरांत अशी झोंबरी छापून आणली, की कुणीही भडकला असता."

"पण भडकायचं की नाही, हे आमच्या हातात होतं ना? युद्ध पुकारलं पॅरिसने. दोष आमचाच."

"बाई, उगीच मोठेपणा घेऊ नका!"

"आणि तुम्ही आमच्या वाटचा दोष पळवू नका!"

सप्टेंबरात प्रकाशकाचा फोन आला. "एक पान हो, बाई! अजून एकमत नाही?"

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. दोघांच्या सह्यांचं पान मार्चपासून तिथे तयार पडलं होतं. शेजारी मास्तर, बाईंचाच एप्रन बांधून, टार्टसाठी प्लम चिरत होते.

"छे, कसलं एकमत!" बाई गंभीरपणे म्हणाल्या. "प्रकरण फारच चिघळलंय."

मास्तर सुरी ठेवून त्यांच्या कानाशी वाकले. "ओडील, ऐक ना," ते कुजबुजले, "१९१४चंही पान मागून घे."