दोन स्वल्पविरामांच्या मधे

‘माझ्या घरी सासू,            , तानबा, गंगा आणि मी राहतो.’

एवढं फळ्यावर लिहून पंचफुला मागे सरकली. तपासनीस प्रभाकररावांनी चष्मा वर सरकवला.

“सासूपुढे स्वल्पविराम. मग काहीच नाही. मग पुन्हा स्वल्पविराम. हे काय?”

शाळेच्या पडवीत बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी फिसकन हसलं.

“साहेब, तिथं तिचे मालक हायेत,” शेजारची सखू म्हणाली. “नवऱ्याचं नाव बाई घेते का कधी?”

घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे आंजी गावात साऱ्यांना ठाऊक. जे तोंडानं घ्यायचं नाही, ते खडूनं तरी कसं घ्यावं? म्हणून पंचफुला नेहमी जागा सोडायची. प्रौढ साक्षरता वर्गाच्या बाई गावच्याच. त्या चालवून घेत.

आज परीक्षा होती. पास झाली तर मध्यप्रदेश सरकारचा (वर्धा तेव्हा मध्यप्रदेशातच होतं) शिक्का असलेला दाखला. दाखला असला तर सेवाग्रामच्या दवाखान्यात आयाची जागा. नाही तर पुन्हा लोकांच्या वावरात कापूस वेचणं.

“हे बघा बाई,” प्रभाकरराव समजुतीनं म्हणाले. “स्वल्पविराम दोन नावांना वेगळं करतो. नावच नसेल तर तो कोणाला वेगळं करणार? मधे नाव लिहा, नाहीतर एक चिन्ह पुसा. असं वाक्य मला पास करता येत नाही.”

“लिव ना वं,” सखू म्हणाली. “खडूले का तोंड हाये?”

पुन्हा हशा पिकला.

पंचफुलानं खडू रिकाम्या जागेवर टेकवला. तिथंच धरून ठेवला. पुलगावच्या मिलमध्ये कामाला लागतो म्हणून मालक गेले. तिथून नागपूरला. तिथं दुसरी केली. सासू अजून साऱ्या गावाला सांगते, येईल दिवाळीले. कोणत्या दिवाळीले, ते कोणी विचारत नाही.

“साहेब, हे घरी राह्यणाऱ्यायचंच वाक्य हाये ना?”

“हो. घरी कोण राहतं, एवढंच विचारलं मी.”

तिनं खडू खाली ठेवला. दुसरा स्वल्पविराम अंगठ्यानं पुसला.

‘माझ्या घरी सासू,               तानबा, गंगा आणि मी राहतो.’

पडवीतलं हसू थांबलं.

“अंतर जास्त पडलं,” प्रभाकरराव म्हणाले, “पण वाक्य बरोबर.” त्यांनी दाखला पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. “पंचफुला... पुढे? नवऱ्याचं नाव?”

अशा वेळी नाव दुसऱ्या बाईनं सांगायचं असतं. सखूनं तोंड उघडलं. पंचफुलानं तिचा हात दाबला.

“घनश्याम,” ती म्हणाली. “लिवा, साहेब. घनश्याम.”