ग्रंथातली चव

प्राचीन ग्रंथांतल्या मद्यावर जाडजूड पुस्तक लिहिलेले विद्वान वाइनरीच्या तळघरात आले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "ग्रंथात द्राक्षरस म्हणजे साक्षात देवाचा आशीर्वाद. तो बाईच्या हातून कसा चालेल?"

मालकांनी लगेच मान डोलावली. बावीस वर्षं इथली वाइन करणाऱ्या बाईची नोकरी तेवढ्यावर गेली.

तिने विद्वानांना नखशिखान्त न्याहाळलं आणि एक पेला भरून पुढे केला. त्यांनी डोळे मिटून घोट जिभेवर घोळवला.

"वा! हीच ती ग्रंथातली चव. हा हात पुरुषाचाच!"

"कोणी केलीय गं ही?" मालकांनी हरखून विचारलं.



एप्रनची गाठ सोडत ती म्हणाली, "कोणीच नाही. सकाळी पिंपं विसळली, त्याचं पाणी आहे ते."